पाचवी वडी

साबणाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने भर पावसात खिशात साबण घेऊन चालू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण त्या दिवशी ट्रे सापडेना, उशीर झालेला, आणि दोन नंबरच्या मशीनपासून वजनाच्या खोलीपर्यंतचं अंगण काही फार मोठं नव्हतं. मी पाच वड्या उचलल्या, कोटाच्या दोन खिशांत कोंबल्या आणि धूम ठोकली. निम्म्या वाटेवर असताना आभाळाने बादली उपडी केली.

“बाई, तुम्हाला फेस येतोय.”

आवाज अगदी कानाशी आला. वर पाहिलं तर डोक्यावर पुठ्ठ्याच्या खोक्याचं भलंमोठं झाकण, आणि ते धरून उभा असलेला एक उंच तरुण. स्वतः निथळत होता आणि वर हसत होता.

“एवढ्याशा धावण्याने कोणाच्या तोंडाला फेस येत नाही,” मी म्हणाले.

“तोंडाला नाही हो... खिशाला.”

खाली पाहिलं. माझ्या दोन्ही खिशांतून पांढराशुभ्र फेस निवांत उतू जात होता. कोटावरून ओघळून तो चपलांपर्यंत पोहोचला होता आणि मागे अंगणात माझी वाट दाखवणारी एक पुसट पांढरी रेघ उमटली होती.

“हसल्यावर फुलं सांडणाऱ्या मुली गोष्टींत ऐकल्या होत्या,” तो म्हणाला, “चालल्यावर फेस सांडणारी पहिल्यांदाच पाहतोय.”

“तुम्ही कोण?”

“दोन नंबरच्या मशीनचा डॉक्टर. मोठ्या वर्कशॉपमधून आठवड्याभरासाठी पाठवलंय मला.”

“मग पेशंटकडे जा ना. इथे काय काम?”

“जातो की. पण झाकण एक, डोकी दोन. तुम्हाला पोहोचवलं की जातो.”

आणि खरंच, दारापर्यंत पोहोचवून, झाकण डोक्यावर धरून, लांब शीळ घालत तो निघून गेला. आगाऊ! मनातल्या मनात मी त्याच्यावर शिक्का मारून टाकला. हा आमच्या घराचा गुणच आहे. माझी आत्या, जिने मला लहानाचं मोठं केलं, ती माणसाला एकदा पाहते आणि निकाल देते. माझ्यासाठी आलेली तीन स्थळं तिने अशीच परतवली होती. एकाने चहाचा भुरका मारला म्हणून, एकाने चपला वेड्यावाकड्या काढल्या म्हणून, आणि तिसरा खुर्चीत बसल्यावर पाय हलवत होता म्हणून. “शितावरून भाताची परीक्षा होते,” हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यावर आमच्या घरात अपील नसतं, बाबा तर ते ऐकलं की वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरतात.

खोलीत येऊन खिसे रिकामे केले तर वड्या चारच निघाल्या. पाचवी कुठेतरी अंगणात घरंगळली असणार. साहेबांनी त्या बुळबुळीत चार वड्यांकडे पाहिलं, माझ्या कोटाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“आता ह्यांचं वजन करायचं की आंघोळ? जाऊ दे. तुमची जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर, तुम्ही एकट्या, कुठे पाच-पाच वड्या नाचवणार? उद्यापासून दर तासाला एकच आणा. डब्यातून. कोरडी.”

मला तर बरंच वाटलं. वजनाच्या खोलीत भिंतीवर दोन नंबरच्या मशीनचा तक्ता टांगलेला असे. मधोमध शंभर ग्रॅमची काळी रेघ, वर एकशे तीनची लाल, खाली सत्त्याण्णवची लाल. आजवर मी दर तासाला पाच वड्यांची सरासरी काढून तिचा ठिपका त्या तक्त्यावर मांडत आले होते. आता एकाच वडीचं वजन करून ठिपका मांडू लागले. काम पाचपट कमी झालं. रेघा होत्या त्याच राहिल्या, त्यांच्याकडे पाहायचं साहेबांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही.

आणि दुसऱ्याच दिवसापासून दोन नंबरच्या मशीनला जणू दृष्ट लागली.

ठिपका लाल रेघेबाहेर गेला की मशीनवर लाल झेंडा लावायचा, पट्टा बंद करायचा आणि त्या तासाचा सगळा माल पुन्हा कढईत वितळवायचा, असा नियम. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांत एखादा झेंडा लागायचा. आता दिवसाआड लागायला लागला, मग रोज, मग सकाळ-संध्याकाळ. झेंडा लागला की शीळ थांबायची, आणि थोड्या वेळाने माझ्या दारात तो.

“काटेबाई, आज आमच्या पोरीचा काय गुन्हा?” माझ्या वजनकाट्यावरून त्याने मला हे नाव ठेवलं होतं, आणि ते सगळ्या कारखान्यात पसरलं होतं. त्यालाही सगळे शीळवालाच म्हणायचे, म्हणजे फिट्टंफाट.

“एकशे चार ग्रॅम.”

“एवढंच? खात्यापित्या घरची आहे हो.”

“नियम म्हणजे नियम. एकशे तीनच्या वर झेंडा.”

“बरं बरं, जेवण कमी करतो तिचं,” असं म्हणत तो जायचा आणि वजनाचा स्क्रू थोडा आवळायचा. दुसऱ्या दिवशी वडी पंच्याण्णवची निघायची. पुन्हा झेंडा. पुन्हा तो दारात, पुन्हा स्क्रू उलटा फिरणार. जितका तो सुधारायला जाई तितकं मशीन बिघडत जाई. साहेबांनी तर फर्मानच काढलं: सलग एक आठवडा झेंड्याशिवाय गेल्याखेरीज मेकॅनिकने इथून हलायचं नाही.

त्यामुळे आठवड्याभरासाठी आलेला माणूस महिना उलटला तरी इथेच होता. आणि मला... मला त्याची सवय होऊ लागली होती. आज कोणता साबण चाललाय, हे त्याच्या बाहीच्या वासावरून कळायचं, कधी लिंबू, कधी गुलाब, कधी नुसतं दुधाळ. माझ्या खोलीची वर्षानुवर्षं अडकलेली खिडकी त्याने कोणी न सांगता मोकळी करून दिली. पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकांशी तो आदराने बोलायचा. त्यांची मुकादमबाई कुणाची गय करत नाही, पण ती ह्याला डब्यातला अर्धा लाडू द्यायची. आगाऊ म्हणून मारलेला माझा शिक्का रोज थोडाथोडा पुसट होत होता.

अर्थात गाडी रुळावरून घसरायचीही. एकदा माझी दाढ ठणकत होती. त्याने दारातून काहीतरी गंमत केली, आणि मी “हं” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वारी आली ती “नमस्कार मॅडम” म्हणत, हाताची घडी, चेहरा सुतकी. मला वाटलं, हा रागावलाय. मग मीही ताठ झाले. माझा ताठा पाहून तिसऱ्या दिवशी त्याने टेबलावर मूठभर रानफुलं आणून ठेवली. ती पाहून मी इतकी गोंधळले की धन्यवाद म्हणायचं सोडून “इथे कचरा करू नका” म्हणून बसले. पुढचे दोन दिवस शीळ नाही. ती ऐकू येईना तसा माझा जीव वर-खाली व्हायला लागला, आणि तेव्हा मला कळलं की दाढ केव्हाच बरी झालीय, दुखतंय ते दुसरंच काहीतरी आहे.

एका शनिवारी दुपारी साहेब म्हणाले, वितळवायला काढलेल्या मालाची नीट तपासणी करून सोमवारी अहवाल द्या, हे मशीन आता मोडीत काढायचं की काय ते बघू. अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली होती. पट्टे थांबले होते, एवढा मोठा कारखाना गप्प होता. मी लिंबाच्या पिवळ्या वड्यांचे क्रेट लांब टेबलाशी ओढून आणत होते, एवढ्यात दारात सावली पडली.

“मोडीत निघणार म्हणे आमची पोर... जरा मदत करू?”

“करा. पण गप्प बसून.”

“ती अट कठीण आहे. तरी प्रयत्न करतो.”

मी एकेक वडी काट्यावर ठेवून तिच्या तळाला पेन्सिलीने वजन लिहायची, आणि तो ती टेबलावर रचायचा. अठ्ठ्याण्णववाल्या अठ्ठ्याण्णवच्या जागी एकावर एक, नव्व्याण्णववाल्या त्यांच्या शेजारी, असं ओळीने. हळूहळू टेबलावर साबणाचं गाव उभं राहिलं. रचून झाल्यावर आम्ही दोघंही मागे सरकून पाहत राहिलो.

एक उंच मनोरा अठ्ठ्याण्णवपाशी. दुसरा तेवढाच उंच एकशे दोनपाशी. आणि मधे, जिथे शंभरची गर्दी असायला हवी, तिथे खोल दरी.

“मशीनला चार साचे आहेत,” तो हळूच म्हणाला. “दोन झिजलेत, त्यांत साबण जास्त मावतो. दोन नवे, त्यांत कमी. म्हणून दोन टेकड्या.”

“पण पूर्वी असं नव्हतं! माझे ठिपके कसे सगळे शंभरच्या आसपास...” बोलता बोलता मी थांबले.

मी त्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात संख्याशास्त्र शिकत होते. तिथल्या सरांनी एक प्रमेय सांगितलं होतं, मध्यवर्ती सीमा प्रमेय असं भारदस्त नाव. मूळ ढिगाचा आकार कसाही असो, त्यातून मोठमोठे नमुने काढून त्यांच्या सरासऱ्या मांडल्या तर त्यांचा आकार घंटेसारखा होत जातो. हे वाक्य मी पोपटासारखं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मात्र आत्ता, ह्या दोन पिवळ्या टेकड्यांसमोर, कुठेतरी आत खाजवायला लागला होता.

“त्या कोपऱ्यातल्या पिंपातली साबणाची भुकटी काढा,” मी म्हणाले. “सगळ्या वड्या पिंपात टाका. ढवळा. आणि डोळे मिटून पाच-पाच काढून द्या मला.”

“डोळे मिटून कशाला?”

“तुम्ही निवडून काढाल म्हणून.”

“डोळे उघडे ठेवले तरी मला वजन दिसत नाही हो... तुम्ही दिसता.”

“मिटा म्हणते ना!”

त्याने मिटले. पिंपात कोपरापर्यंत हात घालून तो पाच वड्या काढायचा, माझ्या हातात द्यायचा, मी तळाची वजनं वाचून सरासरी काढायची आणि वड्या परत पिंपात. प्रत्येक सरासरीसाठी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शेल्फवरच्या खोक्यातली एक पांढरी वडी रचायची. पहिल्या पाचांची सरासरी शंभर. दुसऱ्यांची नव्व्याण्णव. मग पुन्हा शंभर. मग एकशे एक. देता-घेता बोटं लागत होती, आणि साबण इतका गुळगुळीत की तो पडू नये म्हणून हात लवकर सुटतही नव्हते, किंवा आम्ही तसं म्हणत होतो.

“एक डोळा उघडलात तुम्ही.”

“पापणी लवली.”

“एकच?”

दुपार कलली तेव्हा टेबलाच्या त्या टोकाला पांढऱ्या वड्यांचा एक डोंगर उभा होता. एकच. मधे शंभरपाशी सगळ्यात उंच, दोन्हीकडे हळूहळू उतरत गेलेला, अगदी सरांनी फळ्यावर काढला होता तसा. दरीचं नामोनिशाण नव्हतं.

“ही जादू कुठून आली?” आता त्याचे दोन्ही डोळे मोठे झाले होते. “ढीग तोच, वड्या त्याच, आणि दोन टेकड्यांचा एक डोंगर?”

“जादू नाही,” मी म्हणाले, आणि सांगता सांगताच मला समजत गेलं. “सरासरी एकशे दोन यायची तर पाचही वड्या जड साच्यांतल्या यायला हव्यात. म्हणजे नाणं पाच वेळा उडवून पाचही वेळा छाप पडण्यासारखं. होतं, पण क्वचित. बहुतेक वेळा दोन जड येतात, तीन हलक्या येतात, एकमेकींना सांभाळून घेतात, आणि सरासरी शंभरच्या आसपास राहते. म्हणून मधे गर्दी आणि टोकांना शुकशुकाट. पाचाऐवजी पंचवीस घेतल्या असत्या तर डोंगर आणखी सुळक्यासारखा झाला असता. एकट्या वडीचा पसारा मोठा असतो, सरासऱ्यांचा पसारा लहान. पाच घेतल्या तर निम्म्याहून कमी.”

बोलता बोलता मी पट्टी घेतली आणि सत्त्याण्णव आणि एकशे तीनवर दोन लाल दोरे ताणले. पांढरा डोंगर दोन्ही दोऱ्यांच्या आत आरामात मावला. मग तेच दोरे पिवळ्या टेकड्यांवर नेले. दोन्ही टेकड्यांचे बाहेरचे उतार दोऱ्यांच्या पलीकडे सांडले होते.

“ह्या रेघा सरासऱ्यांसाठी काढलेल्या आहेत,” माझा आवाज खाली गेला. “आपण त्या एकट्या वडीला लावल्या. एकेका वडीला तर सहा ग्रॅमची मोकळीक आहे, गिऱ्हाइकाची एक तक्रार आलेली नाही. मी चांगल्या वड्यांना झेंडे लावत होते.”

“आणि मी एकेका वडीवरून स्क्रू फिरवत होतो,” तो कपाळावर हात मारून हसला. “म्हणून ती पोर वेड्यासारखी डोलत होती! म्हणजे मशीन ठणठणीत आहे! काटेबाई, मशीन ठण...”

तो मधेच थांबला. मीही थांबले. दोघांच्याही डोक्यात एकाच क्षणी एकच गोष्ट आली होती.

“म्हणजे... माझं इथलं काम संपलं,” तो म्हणाला.

बाहेर कुठेतरी पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. त्याने एक पांढरी वडी उचलली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.

“साहेबांना काय घाई आहे? अहवाल पुढच्या महिन्यात दिलात तरी...” त्याने हसायचा प्रयत्न केला, पण हसू काही जमलं नाही.

खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. जे मी आजवर नकळत करत आले तेच आणखी काही दिवस जाणूनबुजून करायचं, एवढंच. एक झेंडा, एक आठवडा. पण मला मुकादमबाई आठवली. माल परत कढईत गेला की पॅकिंगच्या बायका हातावर हात ठेवून बसायच्या आणि संध्याकाळी साहेबांची बोलणी त्यांनाच खावी लागायची. आणि ज्या माणसासाठी मी खोटे ठिपके काढणार होते, त्याच्या डोळ्यांत मग मला सरळ पाहता आलं नसतं.

“सोमवारी सांगेन,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली. “तुम्ही सांगितलं नसतं तर मला वाईट वाटलं असतं,” तो म्हणाला, आणि मग अगदी हळू, “सांगताय, तरी वाटतंच आहे.”

साहेब ऐकून आधी चक्रावले, मग पांढरा डोंगर स्वतः पाहून खो-खो हसले. “म्हणजे पाचाची एक मीच केली की!” म्हणाले. ठरलं असं की पुन्हा पाच वड्यांची सरासरी घ्यायची, स्क्रूला कोणी हात लावायचा नाही, आणि आठवडाभर झेंडा लागला नाही तर मशीन पास, मेकॅनिक मोकळा.

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात विचित्र आठवडा होता. शीळवाला दोन्ही हात खिशात घालून मशीनपुढे बसायचा. हात बाहेर आला की मुकादमबाई ओरडायची, “हात आत!” मी दर तासाला पाच वड्या घेऊन जायची, सरासरी काढायची, ठिपका मांडायची. नव्व्याण्णव पॉइंट चार. शंभर पॉइंट आठ. एकेक सुरेख ठिपका रेघांच्या आत पडत होता, मशीन गुणी बाळासारखं चालत होतं, आणि प्रत्येक ठिपक्यासरशी मला रडू यायचं. असा आनंदाचा तक्ता मी कधी इतक्या जड हाताने भरला नव्हता.

शुक्रवारी दुपारी सरासरी आली एकशे दोन पॉइंट नऊ.

मी काट्याकडे पाहत राहिले. लाल रेघ अगदी केसाच्या अंतरावर होती. पेन्सिल टोकदार नव्हती. जरा जाड ठिपका काढला असता तर तो रेघेला चिकटला असता, आणि चिकटलेल्या ठिपक्याला झेंडा लावला म्हणून मला कोणी काही म्हटलं नसतं. खिडकीतून तो दिसत होता, खिशात हात, नजर माझ्याकडे. मी पेन्सिलीला टोक केलं आणि ठिपका त्याच्या जागी, रेघेच्या आत, बारीक आणि स्पष्ट काढला. मग खिडकी बंद करून घेतली, त्यानेच मोकळी करून दिलेली.

पुढची सरासरी पुन्हा शंभर आली.

शनिवारी दुपारी त्याची बॅग फाटकाशी होती. पॅकिंगच्या बायका निरोप देऊन गेल्या, साहेबांनी पाठ थोपटली. आभाळ भरून आलं होतं. मी मुद्दाम मागे थांबले, मग मुद्दाम घाईत निघाले, आणि शेवटी फाटकाशी पोहोचले तेव्हा पावसाची भुरभुर सुरू झाली होती.

“बस किती वाजता?” मी विचारलं. कसला मूर्ख प्रश्न!

“येईल आता.” तो छपराबाहेर उभा होता, भिजत. “काटेबाई, एक सांगू? मी मशीनशी जे केलं ना, तेच तुमच्याशी केलं. एक दिवस तुम्ही ‘हं’ म्हणालात, मी लगेच स्क्रू फिरवला. एक दिवस कपाळाला आठी, पुन्हा फिरवला. कधी मॅडम, कधी फुलं... एकेका ठिपक्यावरून.”

“त्या दिवशी दाढ दुखत होती माझी.”

“दाढ?” तो ओरडलाच. “दाढेपायी मी दोन दिवस जेवलो नाही?”

मला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या भरात माझं लक्ष त्याच्या शर्टाच्या खिशाकडे गेलं. खिशातून काहीतरी पांढरं, हळूहळू, बाहेर येत होतं.

“अहो,” मी म्हणाले, “तुम्हाला फेस येतोय.”

त्याने दचकून हाताने खिसा झाकला. पण फेस काही झाकला जात नाही, तो बोटांमधून वर आला. शेवटी त्याने खिशात हात घातला आणि एक वडी काढून माझ्यापुढे धरली. कडा झिजलेल्या, एका बाजूला अंगणातला बारीक खडा रुतलेला.

“ही पहिल्या दिवशीची. तुम्ही धावताना पडली. द्यायलाच धावलो होतो मागे... पण मग दिली नाही.”

मी त्या वडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पाचवी वडी! ती असती तर वड्या पाच भरल्या असत्या, साहेब वैतागले नसते, एका वडीचा नियम निघाला नसता, झेंडे लागले नसते आणि हा माणूस आठवड्याभरात आला तसा गेला असता.

“चोर!” मी म्हणाले. “एवढ्या सगळ्या गोंधळाचं मूळ तुमच्या खिशात होतं?”

“मला काय माहीत एवढं होईल! मला फक्त... तुमचं काहीतरी जवळ असावं असं वाटलं. पहिल्याच भेटीत. एका नमुन्यावरून काही ठरवू नये, मला आता कळलंय. पण तेव्हाचं ठरलेलं अजून बदलत नाही, त्याला काय करू?”

वळणावर बस दिसली. आता ह्यापुढे बोलायला वेळ नव्हता, आणि मला एकदम भीती वाटेनाशी झाली.

“मी पहिल्या भेटीत ठरवलं होतं की तू आगाऊ आहेस,” मी म्हणाले. ‘तू’ कधी आलं ते मला कळलं नाही, त्याला मात्र कळलं, त्याचे कान लाल झाले. “मग रोज थोडं थोडं पाहिलं. हसताना, चिडताना, खिशात हात घालून गप्प बसताना. कुठला दिवस बरा, कुठला वाईट. पण सगळे मिळून जे होतं ना... ते मला आवडतं. खूप आवडतं. शुक्रवारी तो ठिपका रेघेच्या आत काढायला मला पेन्सिलीला टोक करावं लागलं. आता जा. आणि पुढच्या रविवारी घरी ये. आत्याला भेटायला.”

बस येऊन थांबली. तो चढायचा विसरला. कंडक्टरने दोनदा घंटी मारली तेव्हा तो चढला, आणि बस वळेपर्यंत खिडकीतून त्याची शीळ ऐकू येत होती. वडी माझ्या हातात राहिली होती.

रविवारी तो आला, आणि आला तो धडकलाच. दारात चपला एक पूर्वेला, एक पश्चिमेला. घाबरून चहाचा असा भुरका मारला की बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. आणि बसला तो नेमका आत्याच्या खुर्चीत, वर पाय हलवत. आधीच्या तिन्ही स्थळांचे सगळे गुन्हे ह्या पठ्ठ्याने एका बैठकीत करून दाखवले. तो गेल्यावर आत्याने पदर खोचला आणि माझ्याकडे वळली.

“शितावरून भाताची...”

“भात नीट ढवळलेला असेल तर, आत्या,” मी म्हणाले. “हे शीत तर भीतीने अर्धं कच्चं होतं. चार वेळा अजून येऊ दे. मग पाचाची सरासरी काढ, आणि काय तो निकाल दे.”

आमच्या घरात पहिल्यांदाच अपील झालं होतं. बाबांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं, पण ते उलटं धरलेलं होतं.

“आणि तुझी सरासरी काढून झाली वाटतं?” आत्याने विचारलं.

“झाली.”

दुसऱ्या रविवारी त्याने चपला सरळ काढल्या, पण कप फोडला. तिसऱ्या रविवारी आत्याचं शिवणयंत्र दुरुस्त करून दिलं. चौथ्या रविवारी यायलाच उशीर झाला, आणि आत्या चार वेळा दारात जाऊन आली. “वारा घ्यायला” म्हणे. पाचव्या रविवारी तो आत आला तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती आणि ती स्वतः स्टुलावर बसली होती.

“बस रे,” तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. “तुझीच आहे ती.”

पुढे साच्यांच्या दोन टेकड्यांचं काम निघालं. साहेबांनी चारही साचे एकसारखे करायला त्यालाच कायमचं बोलावून घेतलं. आता तो आमच्याच कारखान्यात आहे, आणि घरी येताना त्याच्या बाहीला रोज वेगळा वास असतो. वजनाच्या खोलीत मी दर तासाला पाच वड्या मोजून घेते, ट्रेमधून, कोरड्या. फक्त त्या पहिल्या दिवशीचा हिशेब अजून अपुराच आहे. चार वड्या जमा, पाचवी गायब. ती आमच्या घरी आहे, आरशाखाली, बशीत. ती कोणी वापरायची नाही, असा आत्याने नियम केला आहे.